वाचक विचारतात: उभा अँटेना लावायचाय, पण त्याच्या खाली काय?

हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅम लोकांच्या उभ्या अँटेनाचे, म्हणजे आपल्या व्हर्टिकलचे एवढे प्रश्न साठलेत की ह्या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बहुतेक पत्रांत पाइप किती उंच, कुठला घ्यायचा, उभा कसा करायचा हेच विचारलंय. ते सांगतोच, पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, व्हर्टिकल म्हणजे वर दिसतो तो अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा जमिनीवर पसरायचा असतो आणि नेमका तिथेच लोक हात आखडता घेतात. हौशी रेडिओचं लायसन्स तुमच्याकडे आहे असं धरून चाललोय, नसेल तर आधी ते काढा. आणि एवढी उंच वस्तू घरी उभी करायला तुमच्याकडे काय परवानगी लागते ते पाइप आणायच्या आधी विचारून घ्या, विमानतळ जवळ असेल तर नक्कीच.

प्रश्न: ४० मीटर बँडसाठी क्वार्टर वेव्ह (वेव्हलेंग्थच्या, म्हणजे तरंगलांबीच्या, पाव उंचीचा) व्हर्टिकल करतोय. ॲल्युमिनियमचे पाइप एकात एक जाणारे मिळालेत. लांबी नक्की किती ठेवू? आणि खाली एक लांब अर्थ रॉड ठोकलाय, जमीन तशी ओलसर असते, तेवढं पुरेल ना? एसडब्ल्यूआर मीटर (केबल आणि अँटेना किती जुळतात ते दाखवणारा, १.० म्हणजे पूर्ण जुळले) १.५ दाखवतो म्हणजे ठीकच असेल असं वाटतं.

लांबीचं काम सोपं आहे. ७१.३ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ मेगाहर्ट्झला १०.०४ येतात, म्हणजे दहा मीटर आणि वर दोन बोटं. १४.२ ला जेमतेम पाच मीटर, ३.६ ला वीस मीटरला थोडं कमी. पाइप जाड असेल तर किंचित आखूड लागतो, त्यामुळे सगळ्यात वरचा तुकडा सरकता ठेवा आणि मीटर बघत बघत जागेवर आणा, आधीच कापून मोकळे होऊ नका.

आता रॉडचं. नाही पुरत. जमीन कितीही ओली असली तरी नाही पुरत. रॉड हवाच, पण तो आकाशातल्या विजेसाठी आणि सुरक्षेच्या अर्थिंगसाठी, रेडिओच्या करंटला त्याचा फारसा उपयोग नाही. व्हर्टिकलमध्ये जेवढा करंट पाइपात वर जातो तेवढाच दुसऱ्या बाजूने फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडतो ती जागा) परत यायला लागतो आणि तो परत येतो चहूबाजूंच्या जमिनीतून, पाइपाच्या उंचीएवढ्या आणि त्याहूनही मोठ्या घेऱ्यातून. मातीतून आला तर माती गरम करत येतो, तारेतून आला तर जवळपास फुकट येतो. ह्या तारा म्हणजे रेडियल. खाली ठोकलेला एकटा रॉड ह्या पसरलेल्या करंटला रस्ताच देत नाही.

आणि एसडब्ल्यूआरचं म्हणाल तर इथे तो मीटर फसवतो, हे नीट समजून घ्या, कारण मला येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त गोंधळ ह्याच एका गोष्टीचा असतो. आदर्श जमिनीवर उभ्या क्वार्टर वेव्हचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे रेझिस्टन्सचा जो हिस्सा पॉवर बाहेर सोडतो तो, साधारण ३६ ओहम असतो. त्यात मातीचा तोटा मिळवला की मीटरला दिसणारा आकडा येतो, आणि मीटर तो केबलच्या ५० ओहमशी ताडून एसडब्ल्यूआर दाखवतो. समजा तारा अगदी थोड्या आहेत आणि मातीचे ४० ओहम आहेत, तर एकूण ७६, एसडब्ल्यूआर १.५, आणि १०० वॉट सोडले तर जेमतेम ४७ वॉट बाहेर पडले, बाकी सगळे मातीत. आणखी तारा टाकल्या, मातीचे १४ ओहम झाले, एकूण ५०, एसडब्ल्यूआर बरोब्बर १.० आणि माणूस खूष, पण अजूनही २८ वॉट मातीतच चाललेत. आता आणखी तारा टाकल्या आणि मातीचे ४ ओहम उरले, एकूण ४०, एसडब्ल्यूआर वाढून १.२५ झाला, आणि आत्ता कुठे १०० तले ९० वॉट बाहेर पडतायत! म्हणजे रेडियल वाढवताना एसडब्ल्यूआर १.० वरून थोडा वर सरकला तर घाबरायचं नाही, ती चांगली खूण आहे. तुमच्या १.५ चा अर्थ बहुतेक पहिल्या उदाहरणासारखाच आहे.

माझं स्वतःचं असंच झालं होतं. आठ तारा टाकल्या, १.१ आला, काम संपलं असं समजून बसलो. मग एका जाणकार हॅमने आग्रहच धरला म्हणून आणखी सोळा टाकल्या आणि मीटर १.३ वर गेला. मला वाटलं कुठेतरी जोड सुटलाय, तासभर एकेक नट तपासत बसलो. जोड सगळे घट्ट होते. तेव्हा कागद-पेन घेऊन वरचं गणित मांडलं आणि मग डोक्यात उजेड पडला.

किती टाकायच्या? १९३७ साली अमेरिकेत आरसीए कंपनीच्या ब्राऊन, लुईस आणि एपस्टाइन ह्या इंजिनिअरांनी ह्याचे प्रयोग छापले, २ पासून ११३ तारांपर्यंत पुरून मोजमाप केलं होतं त्यांनी, आणि मीडियम वेव्ह केंद्रांच्या मनोऱ्याखाली १२० रेडियल टाकायची पद्धत त्यातूनच रुजली. घरी एवढं करायची काही गरज नाही. १६ पासून चांगलं काम सुरू होतं, ३२ म्हणजे भरपूर, त्यापुढे मेहनत जास्त आणि फायदा कमी. तारेचा एकच गुंडाळा हातात असेल तर थोड्या लांब तारांपेक्षा जास्त आखूड तारा करा, पाच-पाच मीटरच्या २४ ह्या दहा-दहाच्या १२ पेक्षा वाईट नाहीत, उलट बऱ्याचदा जास्त चांगल्या. मातीवर पडलेल्या तारेला ट्यून बिन, म्हणजे बँडप्रमाणे मोजून लांबी जुळवणं, करायचं नसतं, माती तिचा ट्यून खाऊनच टाकते, त्यामुळे सगळ्या सारख्या लांबीच्या नसल्या तरी चालतं. वरचं प्लॅस्टिक काढायची पण गरज नाही.

खोल पुरायच्याही नाहीत. गवत असेल तर ते बुटकं कापून घ्या, तार ताणून सरळ ठेवा आणि जाड तारेचे यू आकाराचे काटे वाकवून हात-दीड हातावर एकेक दाबून टाका, तार गवताच्या मुळाशी चिकटली पाहिजे, बोट खाली घातलं तर जायला नको. काही आठवड्यांत गवत तिच्यावरून वाढतं आणि मग शोधूनही सापडत नाही. काटे वर राहिले तर मात्र गवत कापायचं मशीन पहिल्याच फेरीत तार गुंडाळून घेईल. सगळ्या तारा तळाशी एका स्टेनलेस स्टीलच्या प्लेटवर नट-बोल्टने आणा, आणि तांबं थेट ॲल्युमिनियमला लावू नका, मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला, नाहीतर ओल लागून तो जोड आतून खाऊन जातो.

प्रश्न: जागा म्हणजे भिंतीलगतची एक अरुंद पट्टी, तीन मीटर रुंद आणि बारा मीटर लांब. चहूबाजूंनी तारा पसरणं शक्यच नाही. मग व्हर्टिकलचा नाद सोडू का?

नका सोडू. गोल चक्रासारख्या तारा फक्त चित्रात असतात. पट्टीच्या लांबीत दोन्हीकडे जेवढ्या बसतील तेवढ्या लांब टाका, आडव्या बाजूला आखूड टाका, भिंतीला पोचली की वळवून भिंतीलगत न्या. वळवलेली तार सरळ तारेएवढी नसते पण नसलेल्या तारेपेक्षा केव्हाही चांगली. कुंपण लोखंडी जाळीचं असेल तर तेही जोडून घ्या, फक्त त्याचे जोड गंजलेले नकोत, गंजलेला जोड डायोडसारखा वागतो आणि मग आजूबाजूला नको ते सिग्नल तयार होतात.

दुसरा मार्ग म्हणजे अँटेनाचा पाय उचलायचा. फीडपॉइंट जमिनीपासून तीनेक मीटर वर नेला तर मग दोन किंवा चार रेडियलमध्ये भागतं, पण ह्या हवेतल्या तारा मात्र ट्यून केलेल्या हव्यात, प्रत्येक बँडला वेगळ्या, समोरासमोर जोडीने. जमिनीवरच्या तारांचा नियम इथे लावू नका. हवेतल्या रेडियलच्या टोकाला ट्रान्समिट करताना चांगलंच व्होल्टेज असतं, कुणाचा हात पोचेल अशा उंचीवर ते टोक नको. लहान मुलं, उंच माणसं, खांद्यावरून शिडी नेणारा माणूस, सगळ्यांचा विचार करून उंची ठरवा.

प्रश्न: काका, मी १७ वर्षांचा आहे, नुकतंच लायसन्स मिळालंय. बाबा म्हणतात पाच मीटरच्या वर काही लावायचं नाही. मला ४० मीटरवर बोलायचंय. खाली कॉइल लावून पाच मीटरचा पाइप चालेल का?

अभिनंदन रे. चालेल का म्हणशील तर चालेल, पण आधी काय होतं ते बघ. ४० मीटर बँडला पाच मीटर म्हणजे वेव्हलेंग्थच्या आठव्या भागाच्याही थोडं आतच, आणि एवढ्या बुटक्या पाइपाचा रेडिएशन रेझिस्टन्स ३६ वरून घसरून साडेपाच-सहा ओहमवर येतो. आता समज मातीचे १५ ओहम आणि कॉइलचे ४. एकूण २५, त्यातले कामाचे फक्त सहा. म्हणजे चारातला एक वॉट बाहेर, तीन वॉट उष्णता. बुटक्या अँटेनाला जमीन जास्त चांगली लागते, कमी नाही, आणि लोक नेमकं उलटं करतात, छोटा अँटेना म्हणून तारा पण चारच.

तुला एक जास्त चांगला उपाय सांगतो आणि तो बाबांच्या अटीत बसतो. पाइपाऐवजी तार घे, दहा मीटर. पाच मीटर सरळ वर ने आणि उरलेली पाच मीटर वरून आडवी ताण, झाडाला किंवा घराच्या कोपऱ्याला. ह्याला इन्व्हर्टेड एल म्हणतात. ह्यात करंटचा जाड भाग उभ्या तारेतच राहतो, त्यामुळे तेवढ्याच पाच मीटर उंचीत रेडिएशन रेझिस्टन्स अठराच्या आसपास जातो, तिप्पट! आणि कॉइलच लागत नाही म्हणून तिचा तोटा पण गेला. मातीचे तेच १५ धरले तरी निम्म्याहून जास्त पॉवर बाहेर पडेल. आडव्या भागाला जागा नसेल तर पाइपाच्या डोक्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या तारा पसरव, तेही खालच्या कॉइलपेक्षा बरं. खाली मात्र १६ तरी रेडियल टाक, आणि बाबांना टाकायला बोलाव, एकट्याने ताणताना तार वळत राहते. आडव्या तारेचं लांबचं टोक पण हाताला लागेल असं ठेवू नकोस, तिथेही व्होल्टेज असतं.

प्रश्न: दहा मीटरचा पाइप एकट्याने उभा करता येईल का? आणि वाऱ्यात टिकेल का? खाली सिमेंटमध्ये पक्का बसवला तर दोऱ्या नाही लावल्या तरी चालेल असं एकाने सांगितलं.

वाऱ्याचं आधी. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गात वाढतो, वेग दुप्पट झाला की जोर चौपट. दहा मीटर उंच आणि सरासरी तीन सेंटीमीटर जाडीचा पाइप धरला तर ६० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर सगळा मिळून साधारण ६ किलोचा रेटा येतो आणि १२० च्या वादळात साधारण २५ किलोचा. हा रेटा मध्यावर, पाच मीटरवर धरला तर तळाशी वाकवणारा केवढा जोर बसतो बघा. सिमेंट कितीही पक्कं असू दे, सिमेंट हलणारच नाही, पाइप सिमेंटच्या वर मोडेल. त्यामुळे दोऱ्या लावायच्याच. उंचीच्या दोन-तृतीयांशावर तीन किंवा चार दोऱ्या, आणि खुंट पाइपापासून कमीत कमी त्या दोरीच्या उंचीच्या निम्म्या अंतरावर, जागा असेल तर आणखी लांब. दोरी उन्हाला टिकणारी पॉलिएस्टरची घ्या. नायलॉन ताणतो आणि ढिला पडतो, स्वस्त पॉलिप्रॉपिलीन उन्हात पावडर होतं, वरून नवं दिसतं आणि हाताने चोळलं की धागे सुटतात. लोखंडी तार शक्यतो नको, ती अँटेनाच्या कामात ढवळाढवळ करते.

पाइपाचे जोड: बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला चीर पाडायची, आतला किमान १५ सेंटीमीटर आत घालायचा आणि वरून स्टेनलेसचा होज क्लॅम्प आवळायचा. घालायच्या आधी दोन्ही बाजू घासून चकचकीत करा आणि ॲल्युमिनियमच्या जोडासाठी मिळणारं पेस्ट लावा. ॲल्युमिनियमवर हवेने लगेच पापुद्रा येतो आणि तो वीज वाहू देत नाही.

एकट्याने उभा करू नका. दहा मीटरचा पातळ पाइप टोकाला धरून उचलला की मध्ये पोटात खाली जातो, आणि एकदा कायमचा वाकला की सरळ होत नाही. तळाशी बिजागरीची प्लेट लावा, पाइप आणि प्लेट यांच्यात फायबरग्लासचा जाड दांडा इन्सुलेटर म्हणून. मग एकजण टोकापासून तिसऱ्या हिश्श्यावर पाइप खांद्यावर घेऊन पायाकडे चालत येतो, दुसरा समोरून दोरी ओढतो, तिसरा मागच्या दोरीवर नजर ठेवतो. आता ही एक गोष्ट फार कामाची आहे आणि ती कुणी सांगत नाही: बाजूच्या दोन दोऱ्यांचे खुंट बिजागरीच्या सळईच्या बरोबर रेषेत आणि तेवढ्याच उंचीवर असले ना, तर पाइप आडवा असताना ती दोरी जेवढी ताणलेली तेवढीच तो उभा झाल्यावरही राहते. म्हणजे पाइप खाली असतानाच बाजूच्या दोऱ्या मोजून बांधून टाकायच्या, मग तो डावी-उजवीकडे कलंडूच शकत नाही. खुंट रेषेच्या पुढे-मागे गेले तर मध्येच एक दोरी आवळते, दुसरी लोंबते, आणि वर चाललेला पाइप फिरतो. मागची दोरी पण आधीच योग्य लांबीची बांधलेली असू दे, म्हणजे पाइप उभा होऊन पलीकडे जाणार नाही. सूचना एकाच माणसाने द्यायच्या, वारा नसताना करायचं, आणि घाई असेल त्या दिवशी करायचंच नाही.

आता ज्यात मी कुणालाच सूट देत नाही ते. विजेच्या तारा. पाइप कुठल्याही दिशेला आडवा पडला, उभा करताना पडला किंवा पाच वर्षांनी वादळात पडला, तरी त्याचं टोक विजेच्या तारेपासून कमीत कमी तीन मीटर लांब राहिलं पाहिजे. म्हणजे दहा मीटरच्या पाइपाला तेरा मीटर, त्याहून जास्त तर उत्तम. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायरही त्यातच धरा, तिच्यावर काळं आवरण आहे म्हणून ती सुरक्षित समजू नका. अँटेना उभा करताना तारेला लागून माणसं गेली आहेत, धरणारे सगळेच्या सगळे गेले आहेत. एवढं अंतर मिळत नसेल तर त्या जागी व्हर्टिकल नाही. कमी उंचीची तार लावा, दुसरी जागा बघा, पण तिथे नाही.

प्रश्न: माझ्या मिस्टरांनी अंगणात उंच पाइप उभा केलाय. मला रेडिओतलं काही कळत नाही, पण आकाशात गडगडलं की पोटात गोळा येतो. आपण वीज घरावर ओढवून घेतोय का?

ताई, तुमची काळजी अगदी योग्य आहे आणि हे पत्र त्यांनाही वाचायला द्या. दहा मीटरचा पाइप लांबवरची वीज खेचून आणत नाही, पण वीज तिथेच पडणार असेल तर आजूबाजूच्या सगळ्यात उंच धातूला ती पसंती देते. थेट पाइपावर पडली तर काहीही होणार नाही अशी हमी कुणी देऊ नये. पण जास्त वेळा नुकसान होतं ते जवळपास कुठेतरी पडलेल्या विजेने केबलमध्ये उठलेल्या झटक्यामुळे, आणि त्यासाठी करण्यासारखं बरंच आहे.

पहिलं, केबल घरात शिरते तिथे, घराच्या बाहेरच्या बाजूला, लाइटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा) लावलेला हवा आणि तो तिथल्या अर्थ रॉडला जोडलेला हवा, रॉड साधारण २.४ मीटरचा. दुसरं आणि हेच बऱ्याच घरी राहून जातं, हा रॉड घराच्या विजेच्या मुख्य अर्थिंगला जाड तारेने जोडलेला हवा. दोन अर्थ वेगवेगळे ठेवले तर वीज पडते त्या क्षणी दोन्हींमध्ये हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो फरक भरून निघायला मधला एकच रस्ता असतो, टेबलावरचा रेडिओ. आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस. ही जोडणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. जोडतार आखूड आणि सरळ असू दे, काटकोनात वळवलेली नको.

तिसरं सवयीचं आहे. रेडिओ बंद करून उठताना केबल रोज काढून ठेवायची, रेडिओपासून लांब, शक्यतो बाहेरच. गडगडायला लागल्यावर काढायला जायचं नाही, तेव्हा उशीर झालेला असतो, हात लावू नका म्हणावं. आणि ते ट्रान्समिट करत असताना पाइपाच्या जवळ कुणी जाऊ नये, पायाशी छोटं लाकडी कुंपण करून घ्या, धातूचं नको.

प्रश्न: व्हर्टिकल लावल्यापासून लांबचे देश छान येतात पण तीनशे किलोमीटरवरचा मित्र ऐकूच येत नाही, आणि खरखर वाढलीय. आधी कमी उंचीवर डायपोल (मध्ये केबल जोडलेली आडवी तार) होता त्यावर तो रोज यायचा. काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. व्हर्टिकल आपली ताकद क्षितिजाकडे, कमी कोनात सोडतो, सरळ डोक्यावर जवळपास काहीच नाही. लांबच्यांना तेच हवं असतं. तीनशे किलोमीटरवरच्या मित्राला मात्र सिग्नल जवळपास सरळ वर जाऊन खाली यायला लागतो आणि ते काम कमी उंचीचा डायपोल मस्त करतो. दोन्ही ठेवा आणि मध्ये एक स्विच लावा. खरखरीचं म्हणजे व्हर्टिकल चहूबाजूंनी सारखंच ऐकतो, घरातल्या चार्जर-एलईडीचा गोंगाट पण. त्याला घराच्या भिंतीपासून जमेल तेवढा लांब न्या आणि फीडपॉइंटला एक चोक घाला, मोठ्या फेराइट रिंगवर, मिक्स ३१ ह्या प्रकारच्या, कोॲक्सचे (अँटेनाच्या केबलचे) दहा-बारा वेढे. त्याने केबलच्या बाहेरच्या अंगाने येणारी घरातली खरखर अडते आणि माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल तर तोही थांबतो. ऐकायला डायपोल आणि बोलायला व्हर्टिकल असं करणारेही खूप आहेत.

प्रश्न: दोन वर्षं उत्तम चालला. ह्या पावसानंतर एसडब्ल्यूआर इकडे तिकडे नाचतो, ऊन पडलं की सुधारतो. पाइपाचे जोड तपासले, सगळे ठीक.

पाइप सोडा, कनेक्टर उघडा. पीएल-२५९ हा पाणी अडवणारा कनेक्टर नाहीच, आणि पाणी आत गेलं की कोॲक्सची जाळी वातीसारखं ते ओढून घेते. माझ्याकडे झालं तेव्हा कनेक्टर फिरवला तर आटे सुटता सुटता थेंब गळला, आत पांढरं-हिरवं पीठ. केबल हातभर कापली, जाळी काळी. आणखी हातभर, अजून काळपट. चौथ्या हाताला तांबं तांब्यासारखं दिसलं, तिथून पुढची केबल ठेवली. तुम्हीही असंच करा, काळी जाळी साफ करून परत वापरू नका, तिच्यावर सोल्डर पण बसत नाही.

नवा जोड करताना आधी साध्या टेपचा एक थर, त्यावर आपोआप चिकटणारी रबराची टेप चांगली ताणून, त्यावर परत काळी व्हिनाइल टेप. शेवटचा थर खालून वर गुंडाळा म्हणजे वेढे कौलांसारखे एकमेकांवर येतात आणि पाणी खाली ओघळून जातं. टेप कापताना ताणून तोडू नका, कात्रीने कापा, ताणलेलं टोक नंतर सुटतं. आणि केबल कनेक्टरला थेट वरून येऊ देऊ नका, आधी खाली झोळ देऊन मग वर जाऊ दे, थेंब झोळावरच पडतो. केबल बदलतच असाल आणि लांबी तीस मीटरच्या आसपास असेल तर पातळ आरजी-५८ ऐवजी जाड आरजी-२१३ घ्या, २० मीटर बँडवर तोटा जवळपास निम्मा होतो.

प्रश्न: एकच १३ मीटरचा पाइप आणि ट्यूनर (अँटेना रेडिओशी जुळवून देणारा डबा), सगळे बँड. ट्यूनर शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत, टेबलावर ठेवला तर चालतो का?

पाइप चालतो, ट्यूनरची जागा चुकली. टेबलावरचा ट्यूनर रेडिओला खूष करतो, पण केबलमधला एसडब्ल्यूआर तसाच राहतो आणि जिथे तो खूप जास्त आहे त्या बँडवर पॉवर केबलच खाते. रिमोट ट्यूनर पाइपाच्या पायाशी बसवा. रेडियल ३२ टाका, कारण खालच्या बँडवर हाच पाइप बुटका ठरतो आणि वर त्या मुलाला सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू होतं.

प्रश्न: गच्चीवर लावायचाय, माती नाहीच. रेडियलचं काय?

छप्पर पत्र्याचं असेल तर पत्राच तुमची जमीन, पत्रे एकमेकांना वीज वाहील असे जोडलेले आहेत ना बघा आणि चार ठिकाणी जोडा. स्लॅब असेल तर प्रत्येक बँडला ट्यून केलेल्या दोन ते चार तारा, कठड्याच्या कडेने वळल्या तरी चालतील, टोकं कुणाच्या हाताला लागणार नाहीत अशी. दोऱ्यांचे खुंट गच्चीत ठोकून वॉटरप्रूफिंग फोडू नका, कठड्याला बांधा. पडला तर रस्त्यावर पडेल हे डोक्यात ठेवून एक दोरी जास्तच लावा.

प्रश्न: पाइप चकाकतो म्हणून शेजारी नाराज आहेत. रंगवला तर अँटेना बिघडेल का?

नाही बिघडत. धातूची पावडर असलेला, म्हणजे चंदेरी वगैरे रंग सोडून कुठलाही मॅट रंग द्या, आकाशाच्या पार्श्वभूमीवर फिकट राखाडी सगळ्यात कमी दिसतो. पाइप जोडून, क्लॅम्प आवळून, मीटरवर बघून झाल्यावर मगच रंगवा, म्हणजे जोडाच्या आत रंग जाणार नाही, आणि तळाचा इन्सुलेटर तेवढा कागद गुंडाळून कोरा ठेवा.